एकट्या भिक्खूची पायवाट : ह्युएनत्संग



पाठीवर बांबूची उंच मांडणी, तिच्यात पोथ्यांच्या गुंडाळ्या, डोक्यावर छत्रीसारखे आच्छादन आणि समोर लोंबणारा छोटा दिवा, अशा वेशात चालणाऱ्या भिक्खूचे चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. चित्राखाली नाव असते ह्युएनत्संग. शाळेत त्याच्यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो. हर्षवर्धनाच्या काळात कोणता चिनी प्रवासी भारतात आला? उत्तर लिहिलं की मुलं त्याला विसरतात. मोठी माणसंही विसरतात. पण आपण बौद्धांनी त्याला विसरून चालणार नाही. आपल्या घरातली माणसं धम्मयात्रेला नालंदा, श्रावस्ती, कुशीनगर पाहून येतात. त्या जागा पुन्हा सापडल्या कशा, हे विचारलं तर उत्तरात या माणसाचे नाव घ्यावेच लागते.

आधी नावाविषयी थोडे. कोणी ह्युएनत्संग लिहितो, कोणी युआन श्वांग, कोणी श्वानझांग. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथात ते युआन च्वांग असे येते. माणूस एकच. आपल्या शाळेत जे शिकवलं तेच मी इथे वापरतो.

चित्रात तो एकटा आणि पायी चाललेला दिसतो. खरोखर तो एकटा चालला का? किती चालला? मी जे काही वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, त्याच्या सोळा वर्षांच्या प्रवासात अगदी एकटेपणाचे दिवस फार थोडे होते. पुढे त्याला राजे भेटले, घोडे मिळाले, नोकर मिळाले, शेवटी तर हत्तीही मिळाला. पण ते थोडे दिवस त्याने काढले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. म्हणून त्या दिवसांविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे. बाकीचे थोडक्यात.

ह्युएनत्संगाचा जन्म सुमारे ६०२ साली चीनमध्ये लोयांग शहराजवळ झाला. घराणे शिकलेले, पण श्रीमंत नव्हे. थोरला भाऊ भिक्खू होता, त्याच्या मागोमाग हाही तेराव्या वर्षी विहारात दाखल झाला. तो काळ मोठ्या धामधुमीचा. सुई घराणे कोसळले, लढाया, उपासमार, रस्त्यावर प्रेते. दोघे भाऊ लोयांग सोडून दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात गेले. ६१८ साली तांग घराण्याचे राज्य आले, हळूहळू शांतता झाली. हा मुलगा मात्र गावोगावच्या आचार्यांकडे जाऊन शिकत राहिला. जेवढे जास्त शिकला तेवढा जास्त गोंधळला. एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे दोन गोष्टी सांगत. एक आचार्य म्हणे असा अर्थ, दुसरा म्हणे तसा. याने ठरवले, मूळ ग्रंथ जिथे आहे तिथे जायचे, ज्या भाषेत आहे ती भाषा शिकायची आणि स्वतः वाचायचे. त्याला विशेष करून 'योगाचारभूमिशास्त्र' हा मोठा ग्रंथ संपूर्ण हवा होता.

ऐकीव गोष्टीवर विसंबायचे नाही, मूळ पाहायचे, ही त्याची वृत्ती मला फार आपली वाटते. आम्ही पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून अक्षर अक्षर लावत वाचलेली माणसं. कोणी तरी सांगितलं म्हणून मान डोलावण्यापेक्षा पुस्तक हातात घ्यावं, ही सवय लागायला किती त्रास होतो ते आम्हाला ठाऊक आहे.

आता अडचण अशी की, त्या वेळी चीनची सरहद्द बंद होती. तुर्कांशी तणाव होता, परवान्याशिवाय बाहेर जायला मनाई होती. ह्युएनत्संगाने आणि त्याच्या काही सोबत्यांनी मिळून अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. सोबत्यांनी विचार सोडला, याने सोडला नाही. ६२९ साली (काही अभ्यासक ६२७ म्हणतात) तो राजधानी छांगआनहून पश्चिमेकडे निघाला. वय पंचविशी ओलांडलेले.

लिआंगचाऊ गावी तिथल्या सुभेदाराने त्याला परत जा म्हणून हुकूम दिला. तेव्हा तिथल्या एका वृद्ध भिक्खूने आपले दोन शिष्य सोबत देऊन त्याला गुपचूप पुढे काढले. दिवसा लपायचे, रात्री चालायचे. असे करत ते सरहद्दीजवळच्या क्वाचाऊला पोचले. इथे त्याचा घोडा मेला आणि मागून त्याला पकडण्याचा हुकूम येऊन थडकला. तो कागद ज्या अधिकाऱ्याच्या हाती पडला, तो ली छांग नावाचा माणूस स्वतः बौद्ध होता. तो कागद घेऊन ह्युएनत्संगाकडे आला, हे तुम्हीच का म्हणून विचारले, खरे उत्तर मिळाल्यावर कागद त्याच्यासमोर फाडून टाकला आणि लवकर निघा म्हणाला. सरकारी माणसांत असाही एखादा निघतो!

दोन शिष्यांपैकी एक आधीच दुसरीकडे गेला होता. दुसऱ्याला पुढचा रस्ता झेपणार नाही हे पाहून ह्युएनत्संगानेच त्याला माघारी पाठवले.

पुढचा रस्ता काय होता ते नीट समजून घेतले पाहिजे. सरहद्दीच्या दरवाजापलीकडे एकापुढे एक पाच टेहळणी मनोरे होते, एकेकात शंभर ली अंतर. ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर धरा. मधल्या मुलखात पाणी नाही, गवत नाही. पाणी फक्त मनोऱ्यांपाशी, आणि मनोऱ्यांत शिपाई. म्हणजे जिथे पाणी तिथे पकडले जाण्याची भीती, आणि जिथे भीती नाही तिथे पाणी नाही. पाचव्या मनोऱ्यापलीकडे मो-हो-येन नावाचे आठशे लींचे वाळवंट, आणि त्याच्या पलीकडे हामीचे हिरवे गाव. ते परक्या राज्यात.

एका परदेशी तरुणाने मनोऱ्यांपलीकडे नेऊन सोडायचे कबूल केले. त्याने एका म्हाताऱ्याला सोबत आणले. हा म्हातारा हामीला तीसहून जास्त वेळा जाऊन-येऊन होता. त्याने आधी परतवण्याचाच प्रयत्न केला. मोठमोठे तांडे त्या वाळूत हरवतात, एकट्याचं काय चालणार? पण भिक्खू ऐकत नाही म्हटल्यावर त्याने आपला म्हातारा, हडकुळा, तांबडा घोडा त्याच्या तगड्या घोड्याच्या बदल्यात देऊ केला. हा घोडा रस्ता जाणतो, एवढेच म्हणाला. या म्हाताऱ्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. पण पुढे काय झाले ते वाचाल तेव्हा लक्षात येईल की, राजाने दिलेल्या तीस घोड्यांपेक्षा हा एक म्हातारा घोडा मोलाचा ठरला.

पहिल्या रात्री नदी ओलांडून दोघे झोपले. मध्यरात्री ह्युएनत्संगाला जाग आली तर वाटाड्या सुरी उपसून त्याच्याकडे येतो आहे! थोडे अंतर ठेवून थांबतो, परत फिरतो. ह्युएनत्संग उठून बसला आणि सूत्रपठण करू लागला. वाटाड्या जाऊन झोपला. सकाळी तो म्हणाला, मला घरदार आहे, तुम्ही पकडले गेलात तर माझे नाव सांगाल. ह्युएनत्संगाने त्याला वचन दिले, मी तुकडे झाले तरी नाव घेणार नाही. त्याला एक घोडा देऊन निरोप दिला. मला त्या वाटाड्याचा राग येत नाही. पोराबाळांचा माणूस भीतीने काय करील ते सांगता येत नाही. आणि सुरी उपसून तो परत फिरला, हेही विसरू नये.

आणि आता खरा एकटेपणा सुरू झाला.

रस्ता असा नव्हताच. मेलेल्या जनावरांची हाडे आणि वाळलेली लीद, याच खुणा. त्या धरून तो निघाला. थोड्याच वेळात त्याला क्षितिजावर शेकडो स्वार दिसू लागले. पुढे येतात, थांबतात, कपडे बदलतात, उंट होतात, घोडे होतात, जवळ आले की विरून जातात. चरित्रात त्यांना भुतेखेते म्हटले आहे. आपण त्याला मृगजळ म्हणू. तापलेली हवा आणि एकटे मन, दोन्ही मिळून पाहिजे ते दाखवतात. भीती वाटली तर दुसऱ्याला विचारता येते, तुलाही दिसतं का रे? इथे विचारायला कोणी नव्हते. एकट्याच्या वाटेवरचा मोठा त्रास हाच, असे मला वाटते. पाय दुखतात ते दुखतातच. पण आपलेच डोळे खरे बोलतात की खोटे, हे ठरवायला दुसरा माणूस लागतो.

पहिल्या मनोऱ्यापाशी तो वाळूच्या खड्ड्यात रात्र होईपर्यंत लपला. अंधारात पाण्यावर गेला, प्यायला, पखाल भरू लागला तोच बाण सणसणत आला आणि गुडघ्याला चाटून गेला. दुसरा बाण आला. तेव्हा त्याने ओरडून सांगितले, मी छांगआनचा भिक्खू आहे, मारू नका. शिपायांनी धरून नेले. ठाणेदार बौद्ध होता. त्याने आधी तुनह्वांगला जा, तिथे चांगले आचार्य आहेत, म्हणून गळ घातली. ह्युएनत्संग म्हणाला, शिक्षा करायची तर करा, पण मी पूर्वेकडे एक पाऊल परत टाकणार नाही अशी प्रतिज्ञा केली आहे. ठाणेदाराने रात्री जेवण दिले, सकाळी पाणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या, स्वतः काही अंतर पोचवायला आला, आणि सरळ चौथ्या मनोऱ्यावर जा, तिथे माझा नातलग आहे, म्हणून सांगितले. चौथ्यावरच्याने मोठी पखाल दिली आणि सावध केले की पाचव्या मनोऱ्याकडे फिरकू नका, तिथला माणूस बरा नाही. शंभर लींवर एक झरा आहे तिथे पाणी घ्या.

तो झरा त्याला सापडला नाही. वाट चुकली. तहान लागली म्हणून पखाल उतरवली, ती जड होती, हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूने पिऊन टाकले. हजार लींच्या प्रवासाचे पाणी एका क्षणात गेले.

तेव्हा तो परत फिरला. होय, परत फिरला! पूर्वेकडे तोंड करून दहाएक ली चालला. चरित्रकाराने ही गोष्ट लपवली नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. मग चालता चालता त्याला आपली प्रतिज्ञा आठवली. पश्चिमेकडे जाताना मेलेले बरे, पण जीव वाचवायला पूर्वेकडे जाणे नको, असे ठरवून त्याने घोड्याचे तोंड पुन्हा वळवले. मला विचाराल तर त्याच्या सोळा वर्षांतला सर्वांत अवघड पल्ला तो हाच, दहा ली मागे आणि दहा ली पुढे. परत जा म्हणणारे कोणी नव्हते, पुढे चल म्हणणारेही कोणी नव्हते. मोर्चात, संपात माणूस टिकतो तो शेजारच्याकडे बघून. इथे शेजारी फक्त म्हातारा घोडा.

गिरण्या चालू होत्या तेव्हा चार साचे सांभाळणारा विणकर एका पाळीत मैलोन् मैल चालत असे. जागा तीच, पण पायांना काय कळतं? मात्र त्याला एक भरवसा असायचा की भोंगा होणार आहे. वाळवंटात भोंगा नाही.

चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही. शेवटी घोडा आणि माणूस दोघेही वाळूत आडवे झाले. पाचव्या रात्री गार वारा सुटला. थोडी झोप लागली. चरित्रात लिहिले आहे की, स्वप्नात हाती भाला घेतलेला उंच देवपुरुष आला आणि झोपलास काय, ऊठ, म्हणाला. तो उठला, दहाएक ली गेला, तोच घोडा एकाएकी भलत्याच वाटेला लागला, लगाम ओढला तरी वळेना. आणि समोर हिरवे गवत आणि गोड पाण्याचे तळे.

चरित्र लिहिणारा हुइ-ली हा त्याचा शिष्य. शिष्याच्या लेखणीला भक्ती थोडी जास्त लागतेच. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, देवपुरुषाने वाट दाखवली असे आपण मानणार नाही. पण त्यासाठी सगळी गोष्ट खोटी म्हणायचीही गरज नाही. म्हातारा घोडा पंधरा वेळा त्या वाटेने गेला होता, त्याला पाण्याचा वास आला. घोडा रस्ता जाणतो, असे तो म्हातारा म्हणालाच होता. आणि पाच दिवसांच्या उपाशी माणसाला स्वप्ने पडतात. तळ्यावर एक दिवस थांबून, आणखी दोन दिवस चालून तो हामीला पोचला. तिथल्या लहानशा विहारात तीन चिनी भिक्खू राहत होते. त्यांतला एक म्हातारा, अंगावर धड वस्त्र नाही, पायांत काही नाही, तसाच पळत बाहेर आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडू लागला. आपल्या गावचा माणूस पुन्हा बघायला मिळेल असे त्याला वाटले नव्हते. दोघेही रडले.

एकटेपणाचा भाग इथे संपतो. पुढे तुर्फानच्या राजाने त्याला आग्रहाने बोलावून घेतले आणि इतका आदर केला की सोडेचना! तू इथेच राहा, नाहीतर चीनला परत पाठवतो, असे बजावले. ह्युएनत्संगाने तीन दिवस अन्नपाणी सोडले. चौथ्या दिवशी राजा नरमला. मात्र एक अट घातली की, परत येताना तीन वर्षे माझ्या राज्यात राहून शिकवायचे. ह्युएनत्संगाने कबूल केले. मग राजाने तीस घोडे, पंचवीस नोकर, सोने, चांदी, रेशमाचे पाचशे तागे आणि वाटेवरच्या चोवीस राज्यांना चोवीस पत्रे दिली.

गंमत बघा. वाळवंटात एकटा होता तेव्हा तो जगला. आता एवढा लवाजमा घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडायला निघाला तर सात दिवसांत दहांतली तीन-चार माणसे थंडीने आणि उपासाने मेली. गुरे आणि घोडे त्याहून जास्त. सोबत असली म्हणजे धोका टळतो असे नाही. फक्त मरण दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत येते.

समरकंद, बामियान, गांधार असे करत तो भारतात आला. बामियानला डोंगरात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिल्या, त्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्या मूर्ती २००१ साली तोफा आणि सुरुंग लावून पाडल्या गेल्या, हे आपल्या डोळ्यांसमोरचे आहे.

भारतातही लूटमार चुकली नाही. पंजाबात पळसाच्या बनात दरोडेखोरांनी सगळ्यांचे कपडेसुद्धा काढून घेतले आणि मारायला नेले. एका कोरड्या तळ्याच्या काठावरून वाट काढून ह्युएनत्संग निसटला. शेत नांगरणाऱ्या एका ब्राह्मणाने ऐकताच शंख फुंकला, ढोल वाजवला, ऐंशी माणसे जमवली आणि बाकीच्यांना सोडवले. सगळे रडत होते, हा मात्र हसत होता. जीव वाचला, मग गेले ते काय, असे त्याचे म्हणणे. गंगेवर तर चाच्यांनी त्याला दुर्गेला बळी द्यायचे ठरवले होते, वेदीही बांधली होती. तेवढ्यात वादळ झाले आणि ते घाबरले. गंगेवर वादळे होतात. असो.

आता एवढ्या कष्टांनंतर त्याला मिळाले काय? इथे मला त्याच्याविषयी फार वाईट वाटते. ज्या बुद्धभूमीसाठी तो पाण्यावाचून पाच दिवस चालला, ती त्याला अर्धी ओस मिळाली. गांधारात हजारभर विहार पडके आणि रिकामे. कपिलवस्तू उजाड. श्रावस्ती मोडकळीला आलेली. कुशीनगरच्या तटाच्या भिंती पडलेल्या, वस्ती तुरळक. बोधगयेला बोधिवृक्षापुढे तो पालथा पडून रडला. तथागताला बोधी प्राप्त झाली तेव्हा मी कुठल्या जन्मात कुठे भटकत होतो, असे त्याच्या मनात आले. तिथे एका बोधिसत्त्व मूर्तीची छातीपर्यंतची बाजू जमिनीत गेली होती. ती पूर्ण बुडेल तेव्हा धम्म संपेल असे लोक सांगत.

पण नालंदा भरलेले होते. तिथल्या दारावरच परीक्षा व्हायची आणि बाहेरून आलेल्या दहांतले सात-आठ जण परत फिरायचे. आचार्य शीलभद्र अतिशय वृद्ध होते. चरित्रात वय १०६ दिले आहे. त्यांनी त्याला योगाचारभूमी शिकवली, ज्याच्यासाठी तो निघाला होता ती. नालंद्यात त्याने एकूण सुमारे पाच वर्षे काढली. रोज विड्याची पाने, सुपारी, जायफळ आणि महाशाली नावाचा मोठ्या दाण्याचा सुवासिक तांदूळ त्याला मिळे. वाळवंटातल्या भाकऱ्यांनंतर हे जेवण! त्याचा आनंद त्याने सविस्तर सांगितलेला दिसतो. मला तो वाचून बरे वाटले.

तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, ६४१ सालच्या सुमारास. दुसरा पुलकेशी राज्य करत होता. हर्षाला इथे जय मिळाला नाही हे त्याने लिहिले आहे. इथली माणसे उंच, साधी, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवणारी, असे त्याचे वर्णन. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते. पूर्वेकडच्या डोंगरात, अंधाऱ्या दरीत कोरलेल्या विहाराचे, दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे त्याने वर्णन केले आहे. ते अजिंठा असावे असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी दोन हत्ती आजही आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. भारतातल्या नगरांचे वर्णन करताना तो लिहितो की खाटीक, मच्छीमार, नट, फाशी देणारे आणि सफाई करणारे यांची घरे नगराबाहेर असतात, आणि येता-जाता त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने चालावे लागते. एवढेच. दोन ओळी लिहिल्या आणि तो पुढे गेला. हे बरे की वाईट, यावर शब्द नाही. एवढ्या लांबून वाट चालत आलेल्या माणसाने, त्याच वाटेवर काही माणसांना कडेने चालायला लावतात, हे पाहिले आणि नोंद करून थांबला. त्याचा मुक्काम विहारांत आणि राजांकडे. गावकुसाबाहेर तो कोणाच्या दारात बसलेला मला कुठे दिसला नाही. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

पण त्या दोन ओळी त्याने लिहिल्या म्हणून तेराशे वर्षांनी कामाला आल्या. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात घेतला, तेव्हा फाहियान आणि ह्युएनत्संग या दोघा चिनी भिक्खूंच्या साक्षी त्यांनी तपासल्या. शास्त्रे-पुराणे लिहिणाऱ्यांनी जे सरळ सांगितले नाही, ते वाटसरूच्या नोंदीत सापडले.

परतीचा प्रवास त्याने ६४३ साली सुरू केला. हर्षाने समुद्रमार्गाने जायला सांगितले होते. पण तुर्फानच्या राजाला वचन दिले आहे म्हणून त्याने पुन्हा डोंगर-वाळवंटाची वाट धरली. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि पोथ्यांचे पन्नास बाड पाण्यात गेले. ते पुन्हा नकलून घ्यायला माणसे पाठवावी लागली. आणि वाटेत कळले की तुर्फानचा तो राजा ६४० साली वारला, त्याचे राज्य तांग बादशहाने जिंकून घेतले. ज्याच्या शब्दासाठी एवढी लांबची वाट धरली तो माणूसच नव्हता. त्याने दक्षिणेकडचा रस्ता घेतला.

६४५ साली तो छांगआनला पोचला तेव्हा स्वागताला गर्दी लोटली. बरोबर ६५७ ग्रंथ, वीस घोड्यांवर. चोरून गेलेल्या माणसाला बादशहाने माफ केले आणि पश्चिमेकडच्या देशांची माहिती लिहून द्यायला सांगितले. ६४६ साली ते पुस्तक तयार झाले. त्यानंतर ६६४ साली मरेपर्यंत तो भाषांतर करत बसला. पंचाहत्तर ग्रंथांची भाषांतरे झाली. पोथ्या ठेवायला ६५२ साली मनोरा बांधायला घेतला तेव्हा राजाश्रय असलेल्या या विद्वानाने स्वतः टोपलीत विटा-माती वाहिल्या. ही एक ओळ वाचून आम्हा कामगारांना जे वाटतं ते वेगळं लिहायला नको.

पुढे चीनमध्ये सोळाव्या शतकात त्याच्या प्रवासावर मोठी कादंबरी निघाली. तिच्यात त्याला वानर आणि डुक्कर हे सोबती दिले. लोकांना एकटा माणूस बघवत नाही, असेच म्हणावे लागेल!

आणि इकडे भारतात काय झाले? नालंदा पडले, त्यावर माती चढली. श्रावस्तीचे नाव लोक विसरले. कुशीनगर म्हणजे कुठले, हे सांगणारा कोणी राहिला नाही. कसया गावाजवळ शेतात एक मोठी बुद्धमूर्ती होती, तिला लोक माथाकुंवर म्हणत. बुद्ध कोण, हे विचारायची सोय नव्हती.

१८५७-५८ साली ह्युएनत्संगाच्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले. अलेक्झांडर कनिंगहॅम हे लष्करातले इंजिनिअर १८६१ साली सरकारचे पुरातत्त्व अधिकारी झाले. त्यांनी हे पुस्तक बरोबर घेतले, लींचे मैल केले, दिशा लावल्या आणि त्या भिक्खूच्या मागे मागे गावे धुंडाळली. इतकी अंतरे पूर्वेला, इतकी आग्नेयेला, तिथे स्तूप, इथे तळे. बडगाव म्हणजे नालंदा, साहेत-माहेत म्हणजे श्रावस्ती, कसया म्हणजे कुशीनगर, असे त्यांनी लावून दाखवले. सगळेच अंदाज बरोबर निघाले नाहीत. कपिलवस्तूच्या जागेवरून अजून भारत आणि नेपाळमध्ये वाद आहे. पण जे निघाले ते केवढे! बादशहाला माहिती हवी म्हणून लिहिलेले ते पुस्तक. त्याने स्वतः ज्याला खरे काम मानले ते भाषांतराचे, आणि ते चीन-जपानच्या कामी आले. आपल्याला उपयोगी पडली ती त्याची अंतरे मोजण्याची सवय.

कुशीनगरविषयी त्याने लिहिले होते की, विटांच्या विहारात तथागतांच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, डोके उत्तरेकडे करून निजलेली. १८७६-७७ साली कनिंगहॅम यांचे सहकारी कार्लाईल यांनी कसयाचा ढिगारा उकरला. दहा फूट खाली गेल्यावर मूर्तीचे तुकडे लागले. काही तुकडे आसपास पडले होते, ते शोधून शोधून त्यांनी जोडले. वीस फूट लांबीची मूर्ती झाली. ज्या चौथऱ्यावर ती पूर्वी होती त्याच चौथऱ्यावर ती पुन्हा ठेवली, डोके उत्तरेकडे.